घरातलं फिकस: कोणतं घ्यावं, कसं टिकवावं, नवी रोपं कशी करावीत (मराठवाड्यातल्या घरांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

मराठवाड्यात घरातल्या झाडांना दोन गोष्टी नडतात: फेब्रुवारीपासून जूनपर्यंतची कोरडी हवा आणि बोअरचं जड पाणी. झाडांविषयीच्या बहुतेक सल्ल्यांमध्ये या दोन्हींचा विचारच नसतो. खालची उत्तरं संभाजीनगरपासून नांदेडपर्यंतच्या आपल्या घरांना धरून लिहिली आहेत.

फिकस हे एकच झाड आहे का?

नाही. वड, पिंपळ, उंबर, पायर, अंजीर ही सगळी फिकसच. जगभरात फिकसच्या ८०० हून अधिक जाती आहेत. त्यातल्या घरात ठेवण्याजोग्या आणि आपल्या नर्सऱ्यांत सहज मिळणाऱ्या म्हणजे रबर प्लांट, बेंजामिना, फिकस आली, जाड बुंध्याचं मायक्रोकार्पा आणि फिडल लीफ. भिंतीवर चढणारं फिकस पुमिलाही मिळतं.

रबर प्लांटचं नाव ऐकून टायरचं रबर यातूनच येतं असं अनेकांना वाटतं. ते रबर हेविया नावाच्या वेगळ्या झाडाचं. मेघालयातले जिवंत मुळांचे पूल मात्र याच रबर प्लांटच्या मुळांचे आहेत. एवढ्या चिवट मुळांचं झाड कुंडीत नीट का राहणार नाही?

पहिलंच झाड घेतोय. कोणतं घेऊ?

साध्या गडद हिरव्या किंवा काळपट पानांचं रबर प्लांट. इथल्या हवेसाठी आमचं उत्तर दरवेळी हेच असतं. त्याचं पान जाड आणि वरून चकचकीत असतं, त्यामुळे कोरड्या हवेत त्यातलं पाणी लवकर उडत नाही. एखादं पाणी चुकलं तरी ते तग धरतं. मोठं पान असल्यानं धूळ ओल्या फडक्यानं एका हातात पुसली जाते, आणि नवी रोपंही सहज होतात.

त्याच झाडाचे पांढऱ्या-गुलाबी नक्षीचे प्रकार, म्हणजे टिनेके आणि रुबी, दिसायला सुंदर आहेत, पण पहिल्या झाडासाठी नकोत. पानाच्या पांढऱ्या भागात हरितद्रव्य नसतं. म्हणून त्यांना उजेड जास्त लागतो, आणि जास्त उजेडाची जागा एप्रिल-मेमध्ये तापते. मग पांढऱ्या कडा तपकिरी होऊन वाळतात.

दुसऱ्या क्रमांकावर फिकस आली. लांब, अरुंद, खाली झुकलेली पानं आणि शांत स्वभाव. बेंजामिनापेक्षा पानगळ बरीच कमी. बेंजामिना तिसरं: एका जागी ठेवून विसरता येत असेल तरच घ्या. मायक्रोकार्पाचा फुगीर बुंधा पाणी साठवतो, त्यामुळे तेही चालतं, पण त्याला खिडकीलगतचाच उजेड हवा. बाजारातली अशी बरीच झाडं कलम केलेली असतात. बुंध्यातून वेगळ्या, मोठ्या पानांचे फुटवे आले तर काढत जा, नाहीतर वरचं बारीक पानांचं कलम मागे पडतं.

पुमिला आपल्याकडे उन्हाळ्यात टिकवणं कठीण. कुंडी एकदा पूर्ण सुकली की ते परत उभं राहत नाही.

फिडल लीफ फोटोत छान दिसतं. ते घ्यावं का?

एखादं फिकस दोन वर्षं सांभाळून झाल्यावर. हे पश्चिम आफ्रिकेच्या दमट, सखल जंगलातलं झाड आहे. लातूर-बीडच्या मे महिन्यातल्या हवेत त्याच्या पानांच्या कडा करपतात, आणि घाबरून पाणी वाढवलं की मुळ्या कुजतात. दोन्हींचे डाग तपकिरीच असल्यामुळे नेमकं काय बिघडलं ते कळत नाही. ओळख अशी: कडेकडून कोरडा, कुरकुरीत डाग म्हणजे हवा किंवा पाण्याची तूट, आणि पानाच्या आतून सुरू होणारा काळपट, मऊ डाग म्हणजे मुळ्या बिघडल्या.

नर्सरीत रोप निवडताना काय बघायचं?

पानं उलटी करून बघा. शिरेलगत आणि देठाच्या बेचक्यात पांढरा कापूस दिसला की रोप ठेवून द्या. खोड बोटांनी हलकं हलवा. मातीत डुगडुगत असेल तर मुळं धरलेली नाहीत किंवा कुजली आहेत. रबर प्लांटच्या शेंड्याला लालसर टोकदार वेष्टन असावं, कारण नवं पान त्यातूनच निघतं. पिशवीच्या भोकांतून दोन-चार मुळ्या बाहेर आल्या असतील तर हरकत नाही. तळाशी मुळ्यांचं जाड वेटोळं असेल तर ते रोप फार दिवस पडून आहे.

एका पिशवीत तीन-चार बारीक रोपं कोंबून दाट केलेलं झाड स्वस्त दिसतं. एकच सरळ, जाड खोडाचं झाड त्यापेक्षा जास्त टिकतं.

खरेदी जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यापासून सप्टेंबरपर्यंत करा. एप्रिल-मेमध्ये नर्सरीच्या हिरव्या जाळीतून उघड्या टेम्पोत आणि टेम्पोतून घरात असा प्रवास झाला की पानं गळणारच.

रोप लाल मातीच्या घट्ट गोळ्यात आलं आहे. तो गोळा तसाच ठेवायचा का?

आपल्याकडे विकली जाणारी बरीच रोपं आंध्रातल्या कडियमच्या नर्सऱ्यांतून किंवा पुण्याकडून येतात, आणि ती बहुधा चिकट लाल मातीत असतात. प्रवासाला ती माती चांगली, कारण गोळा फुटत नाही. अडचण कुंडीत येते. असा गोळा हलक्या मिश्रणात तसाच ठेवला की पाणी गोळ्याभोवतीच्या भुसभुशीत भागातून खाली निघून जातं. वरची माती ओली दिसते, मुळं मात्र आत कोरडी राहतात. पाणी रोज घालूनही झाड वाळतं ते यामुळे.

रोप घरी आल्यावर दहा-पंधरा दिवस पिशवीतच राहू द्या. मग गोळा तासभर पाण्यात बुडवून ठेवा आणि बाहेरची सुमारे एक तृतीयांश माती बोटांनी अलगद सोडवा. वेटोळ्यातल्या मुळ्या मोकळ्या करा. बाकीच्या गोळ्यात काडीनं चार-पाच उभी भोकं पाडा, म्हणजे पाणी आत शिरेल. हे काम पावसाळ्यातच करायचं. उन्हाळ्यात मुळांना हात लावू नका.

शेतातली काळी माती कुंडीत चालेल का?

नको. कापसाला, सोयाबीनला ती सोन्यासारखी असेल, पण कुंडीत ती ओली झाली की फुगते आणि मुळांना हवा मिळत नाही. सुकली की आकसते, कुंडीच्या कडेपासून सुटते, आणि पुढचं पाणी त्या फटीतून सरळ खाली जातं.

चालणारं मिश्रण असं: चार भाग लाल माती किंवा चाळलेला बारीक मुरूम, तीन भाग धुतलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), दोन भाग गांडूळखत, एक भाग जाड वाळू किंवा विटांचा भुगा. कोकोपीट दोन-तीन पाण्यांतून काढून पिळून घ्या. त्यात मीठ असतं, आणि आपल्या पाण्यात ते आधीच भरपूर आहे. गांडूळखताऐवजी शेणखत घालायचं असेल तर पूर्ण कुजलेलं, वास नसलेलं घ्या. कच्च्या शेणखतातून हुमणी कुंडीत येते आणि मुळ्या खाते.

कुंडी आधीच्यापेक्षा दोन इंचच मोठी. फिकसला थोडी तंग कुंडी मानवते. मोठ्या कुंडीतली जास्तीची माती ओली राहते आणि मुळं सडतात.

घरात नेमकं कुठे ठेवायचं?

पूर्वेच्या किंवा उत्तरेच्या खिडकीपासून तीन-चार फुटांच्या आत. पूर्वेचं सकाळचं कोवळं ऊन चालतं. पश्चिमेची खिडकी मार्चपासून जूनपर्यंत टाळा, काचेमागचं पान दुपारी भाजून निघतं. माळवदाच्या जुन्या घरात आतल्या खोलीत उजेड कमी असतो. तिथे झाड ओसरीत ठेवा.

कूलरच्या खोलीतली ओलसर, गार हवा झाडाला मानवते, पण झोत थेट पानांवर नको. कूलर सुरू-बंद होताना हवेत होणारा एकदम बदल बेंजामिनाला सोसत नाही. झाड झोताच्या रेषेतून बाजूला ठेवलं की पुरे.

थंडीत परभणीसारख्या ठिकाणी पहाटेचा पारा १० अंशांच्या खाली जातो. गॅलरीतली कुंडी तेवढे दिवस आत घ्या.

पाणी किती आणि कोणतं घालायचं?

वार ठरवून पाणी घालू नका. बोट दोन इंच मातीत घाला, कोरडं लागलं तरच पाणी द्या. अंदाजासाठी: आठ इंची कुंडीला एका वेळी पाऊण ते एक लिटर, एप्रिल-मेमध्ये आठवड्यातून दोनदा, पावसाळ्यात आठ-दहा दिवसांनी, थंडीत दहा-बारा दिवसांनी. खालच्या भोकातून पाणी बाहेर येईपर्यंत घाला आणि अर्ध्या तासानं ताटली रिकामी करा. रोज घोट-घोट पाणी घातल्यानं फक्त वरचा थर भिजतो आणि क्षार वर साठतात. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला पिण्याचं पाणी मिरजेहून रेल्वेनं आणावं लागलं होतं. पाण्याची अशी ओढ असलेल्या भागात हे झाड आठवड्याला दोन लिटरमध्ये भागवतं, हा त्याचा मोठा गुण आहे.

कोणतं पाणी, हे इथे जास्त महत्त्वाचं. सर्वांत चांगलं पावसाचं. पत्र्यावरून किंवा गच्चीवरून येणारी पहिली सर जाऊ द्या आणि नंतरचं पाणी झाकलेल्या ड्रममध्ये साठवा. एसीतून टपकणाऱ्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात, तेही उत्तम. बोअरचं किंवा टँकरचं पाणी चालतं, पण कुंडीच्या कडेला पांढरा थर आणि पानांची टोकं तपकिरी दिसू लागली की क्षार साठले असं समजा. पावसाळ्यात एका चांगल्या सरीत कुंडी बाहेर ठेवली की ते बरेचसे धुऊन जातात.

दोन पाणी कधीच नको: आरओ मशीनचं वाया जाणारं आणि कूलरच्या टाकीतलं. आरओनं गाळलेले क्षार त्याच वाया जाणाऱ्या पाण्यात येतात. कूलरमधलं पाणी उडून जातं आणि क्षार टाकीत मागे राहून दाट होत जातात.

बेंजामिना घरी आणलं आणि पानं गळायला लागली. मेलं का?

बहुतेक वेळा नाही. उजेड बदलला की हे झाड जुनी पानं टाकतं आणि नव्या उजेडाला जुळणारी पानं काढतं. दोन-तीन आठवड्यांत अर्धी पानंही जाऊ शकतात. फांदीची साल नखानं किंचित खरवडा: आत हिरवं दिसलं तर फांदी जिवंत आहे. या काळात पानं कमी असल्यानं झाड पाणीही कमी पितं. लोक नेमकं तेव्हाच पाणी आणि खत वाढवतात, आणि झाड पानगळीनं नव्हे तर कुजलेल्या मुळ्यांनी जातं. जागा बदलू नका, खत देऊ नका, थांबा.

रबर प्लांटचं पान पाण्यात ठेवलं, मुळ्याही आल्या, पण सहा महिने झाले तरी झाड होत नाही. का?

कारण त्या पानासोबत डोळा आलेला नाही. पान जिथे खोडाला जोडलेलं असतं त्या बेचक्यात डोळा असतो, नवा शेंडा तिथूनच फुटतो. नुसतं पान देठापासून तोडलं तर त्याला मुळ्या येतात, ते वर्षभर हिरवंही राहतं, पण त्याला फांदी कधीच फुटत नाही. पानासोबत खोडाचा एक-दीड इंचाचा तुकडा डोळ्यासकट घेतला असेल तर मात्र झाड होतं.

छाट कलम कसं करायचं?

पेन्सिलएवढ्या जाडीची, ना अगदी कोवळी ना जून, अशी फांदी निवडा. दोन-तीन डोळे येतील अशी १२ ते १५ सेंटिमीटरची छाट घ्या, खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली, धारदार ब्लेडनं. पांढरा चीक वाहू लागेल. छाट कोमट पाण्यात धुवा आणि चीक थांबेपर्यंत वीस-तीस मिनिटं सावलीत ठेवा. वाळलेला चीक कापाच्या तोंडावर राहिला तर पाणी आत शिरत नाही.

खालची पानं काढा, वरची एक-दोन ठेवा. रबर प्लांटचं मोठं पान उभं गुंडाळून त्यावर सैल रबरबँड लावा, म्हणजे पाणी कमी उडतं आणि जागाही कमी लागते. काप रूटिंग पावडरमध्ये (मुळ्या फुटायला मदत करणारी पावडर) टेकवून झटका. पावडर नसली तरी बेंजामिना आणि मायक्रोकार्पाला मुळ्या येतात, रबर प्लांटला मात्र तिचा फायदा होतो. निम्मं कोकोपीट, निम्मी जाड वाळू अशा मिश्रणात एक डोळा गाडला जाईल इतकं खोचा, एकदा पाणी द्या, आणि तळ कापलेली पाण्याची बाटली, बूच वरच्या बाजूला ठेवून, छाटेवर झाकणासारखी घाला. इथल्या हवेत हे झाकण सोडून चालत नाही. मुळ्या येण्याआधीच पान वाळतं. दर दोन-तीन दिवसांनी बूच पाच मिनिटं काढून हवा खेळू द्या. उजेड हवा, ऊन नको. चार ते आठ आठवड्यांत छाट हलकेच ओढल्यावर धरून ठेवल्यासारखी लागली की मुळ्या आल्या.

पाण्यातही मुळ्या येतात. पाणी तीन-चार दिवसांनी बदला आणि मुळ्या दीड-दोन इंचांच्या झाल्या की लगेच मातीत लावा. फार लांब झालेल्या पाण्यातल्या मुळ्या ठिसूळ असतात, लावताना तुटतात.

जाड बुंध्याच्या मायक्रोकार्पाची छाट लावली तर झाड होईल, पण तसा फुगलेला बुंधा येणार नाही. तो बियांपासून वाढवलेल्या रोपांच्या मुळांचा असतो.

गुटी कलम कधी आणि कसं बांधायचं?

रबर प्लांट उंच, उघडं, फक्त शेंड्याला पानं असलेलं झालं की गुटीसारखा उपाय नाही. गुटी म्हणजे फांदीला झाडावरच मुळ्या आणून मग ती कापून लावणं. तोवर फांदी मूळ झाडावरच असते, तिला खालून पाणी मिळत राहतं, त्यामुळे छाटेपेक्षा यश जास्त येतं आणि रोपही मोठं मिळतं. वेळ जूनच्या मध्यापासून ऑगस्टपर्यंत. हवेत दमटपणा असतो आणि झाड वाढीत असतं.

आदल्या रात्री दोन मुठी स्फॅग्नम मॉस (पाणी धरून ठेवणारं वाळवलेलं शेवाळ) भिजत घाला. डाळिंबाची, पेरूची गुटी बांधणाऱ्या नर्सरीत ते मिळतं. नसेल तर धुतलेलं कोकोपीट चालतं. शेंड्यापासून एक ते दीड फूट खाली, डोळ्याच्या लगेच खालची जागा ठरवा आणि तिथली एक-दोन पानं काढा. ब्लेडनं सालीला गोल काप द्या, त्याखाली एक इंचावर दुसरा, मग दोन्हींना जोडणारा उभा काप, आणि सालीची अंगठी सोलून काढा.

आता महत्त्वाचं काम. सालीखाली जो ओलसर, हिरवट, निसरडा पापुद्रा राहतो तो ब्लेड आडवं धरून पूर्ण खरवडा, आतलं पांढरट लाकूड कोरडं लागेपर्यंत. पापुद्र्याची एक बारीक रेघ जरी राहिली तरी साल पुन्हा जुळते, पानांत तयार झालेलं अन्न तिच्यातून खाली जात राहतं आणि मुळ्या फुटत नाहीत. चीक पुसा, वरच्या कापाच्या कडेला रूटिंग पावडर लावा. मुळ्या या वरच्या कडेतूनच येतात.

मॉस हातानं घट्ट पिळा, थेंबही पडायला नको. संत्र्याएवढा गोळा जखमेभोवती चहूबाजूंनी बसवा, पारदर्शक प्लास्टिकनं घट्ट गुंडाळा, दोन्ही टोकं सुतळीनं बांधा. वरची गाठ जास्त घट्ट हवी, नाहीतर पाणी आत उतरतं. त्यावर वर्तमानपत्राचा कागद गुंडाळा. उजेडात प्लास्टिकच्या आत शेवाळ धरतं आणि उन्हात मॉस तापतं.

सहा ते आठ आठवड्यांत पांढऱ्या मुळ्या दिसतील. दिसल्या म्हणून लगेच कापू नका. त्या सगळ्या बाजूंनी येऊन किंचित तपकिरी आणि फाटे फुटलेल्या झाल्या की गोळ्याच्या खाली कापा. प्लास्टिक काढा, मॉस मात्र मुळ्यांभोवती तसंच राहू द्या, ते ओढताना मुळ्या तुटतात. सहा ते आठ इंची कुंडीत लावा, काठीचा आधार द्या, निम्मी पानं कमी करा आणि वीस दिवस सावलीत ठेवा. शेंड्याचं लाल वेष्टन उघडून नवं पान निघालं की रोप लागलं.

खाली उरलेल्या खोडाला महिन्या-दीड महिन्यात एक ते तीन फुटवे येतात आणि जुनं झाड दाट होतं.

गुटी बांधली, पण दोन महिन्यांनी काहीच नाही. कुठे चुकलं?

उघडून बघा. साल पुन्हा जुळलेली दिसली तर खरवडणं अपुरं होतं, तिथेच परत सोला. फुगीर गाठ आली पण मुळ्या नाहीत, तर मॉस ओलं करून परत बांधा आणि आणखी महिनाभर थांबा. मॉस काळं आणि आंबूस वासाचं असेल तर ते पिळलेलं नव्हतं. लाकूड काळं पडलं असेल तर खालच्या निरोगी भागात नव्यानं सुरुवात करा.

बियांपासून रोप होईल का?

घरातल्या झाडाच्या बियांपासून नाही. फिकसची फुलं फळाच्या आत दडलेली असतात, उंबराचं फूल कुणाला दिसत नाही ते त्यामुळेच. त्यांचं परागीकरण ठराविक चिमुकले कीटक फळात शिरून करतात, बहुतेक जातींचा कीटक वेगळा. ते घरात नसतात.

कोणत्या किडी येतात?

पिठ्या ढेकूण, म्हणजे पांढऱ्या कापसासारखी दिसणारी कीड, सर्वांत जास्त. थोडे असतील तर स्पिरिटमध्ये भिजवलेल्या कापसानं पुसा. जास्त असतील तर एक लिटर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि थोडा द्रव साबण मिसळून संध्याकाळी, पानांच्या खालूनही फवारा, आठवड्याच्या अंतरानं तीनदा. उन्हाळ्यात कोरड्या हवेमुळे लाल कोळी येतात: पानावर बारीक फिकट ठिपके, खाली विरळ जाळी. पानं पाण्यानं खसखसून धुणं हा त्यावर निम्मा उपाय आहे. मायक्रोकार्पा आणि बेंजामिनाची पानं मध्यशिरेवर घडी घातल्यासारखी मिटली तर आत काळे फुलकिडे असतात. फवारा घडीत पोचत नाही, ती पानं तोडून पिशवीत बांधून टाका.

खत?

नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं, पाण्यात विरघळणारं १९:१९:१९, लिटरला १ ग्रॅम, महिन्यातून एकदा, जुलै ते ऑक्टोबर आणि फेब्रुवारीत. ओल्या मातीतच द्या. कडक उन्हाळ्यात आणि थंडीत काही नको. घरात शेतीचा युरिया, डीएपी पडून असतो, त्याचा चिमूटभरही नको. कुंडीत प्रमाण सांभाळता येत नाही आणि मुळ्या जळतात.

चीक विषारी आहे का? घरात लेकरं आहेत.

चिकानं त्वचेला खाज, पुरळ येऊ शकतं, डोळ्यांत गेला तर आग होते. पान चावलं तर तोंडाला चुरचुर आणि उलटी होऊ शकते, कुत्र्या-मांजरांनाही. रांगतं लेकरू असेल तर कुंडी त्याचा हात पोचणार नाही अशी ठेवा. छाटणी करताना हातमोजे घाला. रबरी हातमोज्यांची ज्यांना अ‍ॅलर्जी आहे त्यांनी बेंजामिना घेऊच नये, आणि हे काम प्लास्टिकचे मोजे घालून करावं.

हे झाड घरातली हवा शुद्ध करतं का?

जाणवण्याइतकी नाही. १९८९ च्या नासाच्या अभ्यासात बेंजामिना होतं, पण ते प्रयोग लहान बंद पेटीतले होते. २०१९ मध्ये अशा अनेक प्रयोगांचा एकत्र हिशेब मांडला गेला. हवा खेळती असण्यानं जेवढा फरक पडतो तेवढा झाडांनी पाडायचा तर दर चौरस मीटरला किमान १० झाडं लागतील, असं त्यात निघालं. खिडकी उघडा. झाड हिरवाईसाठी ठेवा.

फार मोठं झालं, अंगणात लावू का?

घरापासून, हौदापासून आणि शौचालयाच्या टाकीपासून तीस-चाळीस फूट मोकळी जागा असेल तरच. कोरड्या जमिनीत याची मुळं ओलाव्याच्या मागे जातात, आणि अंगणात कायमचा ओलावा हौदाच्या भिंतीलगत आणि सांडपाण्याच्या नळाच्या सांध्यांत असतो. मूळ तिथे एकदा शिरलं की बांधकाम फोडतं. तेवढी जागा नसेल तर शेंड्याची गुटी काढून घ्या आणि खालचं झाड दर जुलैत तीन फुटांवर छाटून कुंडीतच ठेवा.